हाताखालची नाडी

गवंड्याने खाटेचा पाय उपटला तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते. बंद वॉर्डातल्या सगळ्या खाटा लोखंडी, पाय पाइपचे, नटबोल्टने आवळलेले. चार दिवस तो चमच्याच्या दांड्याने एक नट सैल करत होता आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मनोरुग्णालयात येण्याआधी वीस वर्षं भिंती उभ्या केलेला माणूस; कुठला जोड किती जोर लावला की सुटतो हे त्याच्या हाताला ठाऊक होतं.

पहिला फटका न्हाव्याला बसला. न्हावी दर बुधवारी दाढ्या करायला यायचा आणि त्या वेळी पाठमोरा उभा राहून ब्रश धूत होता. पाइप खांद्यावर आला. हासळीचं हाड मोडल्याचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू गेला. दुसरा फटका आरशावर पडला. तिसरा उंच्याच्या गुडघ्यावर. उंच्या म्हणजे वॉर्डातला कर्मचारी, चाळिशीचा, सहा फुटांवर दोन बोटं. तो खाली बसला तो बसलाच.

मग कुलूप आत आला, वॉर्डातला दुसरा कर्मचारी. तो पळत आला नाही. पळत येणाऱ्याच्या डोक्यात पाइप बसतो, हे त्याने दुसऱ्याच्या डोक्यावरून शिकलेलं होतं. दाराजवळच्या खाटेवरची गादी त्याने उचलली, ढालीसारखी पुढे धरली आणि चालत गेला. दोन फटके गादीने खाल्ले. तिसरा त्याच्या दंडावर उतरला आणि बोटांपर्यंतचा हात बधिर झाला. चौथा यायच्या आत त्याने गादीसकट गवंड्यावर अंग टाकलं. दोघं आरशाच्या काचांवर पडले. गवंड्याचं कोपर कुलपाच्या तोंडावर आलं, गवंड्याचे दात कुलपाच्या तळहाताच्या कडेत रुतले. कुलपाने हात ओढून घेतला नाही, उलट तोंडात आणखी आत दाबला. दाबला की जबडा उघडतो. उघडला. पुढच्या दोन श्वासांत गवंडी पालथा होता, त्याची मनगटं पाठीवर एकमेकांवर चढवलेली होती आणि त्यांच्यावर कुलपाचे दोन्ही पंजे मिटले होते.

ह्याच पकडीमुळे त्याला कुलूप म्हणत. उंच्या फरफटत येऊन गवंड्याच्या पायांवर बसला. झाडूवाला दुसऱ्या बाजूने आला.

‘बसला का?’ उंच्याने विचारलं.

कुलपाचा अंगठा गवंड्याच्या मनगटाच्या खाचेत होता. त्याखाली नाडी हातोडीसारखी आपटत होती.

‘नाही अजून,’ तो म्हणाला. ‘धावतोय.’

कुलूप सत्ताविसाव्या वर्षी इथे लागला. त्याआधी गोदामात पोती वाहायचा. रुजू होताना डॉक्टरने त्याला पाच मिनिटं खुर्चीत बसवून नाडी मोजली, चोपन्न भरली, म्हणून पुन्हा मोजली. ‘झोपलायस की काय रे?’ डॉक्टरने विचारलं होतं. त्या काळी तो घरापासून नऊ किलोमीटर सायकल मारत यायचा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बंद वॉर्डात जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या घेत चढायचा.

धरायला त्याला वस्तादाने शिकवलं. वस्ताद तेव्हा वॉर्डातला सगळ्यात जुना. ‘मारायला कुणालाही येतं,’ वस्ताद सांगायचा, ‘तुला धरता यायला हवं.’ धरायचं कसं हे आठवडाभरात जमलं. सोडायचं कधी, हा खरा धडा होता. लवकर सोडलं तर माणूस उठून पुन्हा कुणाचं तरी डोकं फोडतो. उशिरा सोडलं तर त्याचं काहीतरी मोडतं. वस्तादाचा नियम सोपा होता. कुलूप घातलं की अंगठा आपोआप मनगटाच्या खाचेत पडतो. तिथे नाडी लागते. ती धावत असेल तोवर माणूस आत धावतोय. ती बसली की माणूस बसला. तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, रडण्यावर तर मुळीच नाही.

वॉर्डात सगळे असंच धरायचे. कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. एकाने दुसऱ्याचा अंगठा नेमक्या जागी ठेवून दाखवायचा, झालं शिक्षण.

चोवीस वर्षांचा हिशेब कुलपाच्या अंगावर होता. उजव्या कानाची पाळी अर्धी, ती एका शिक्षकाने तोडली. वरचे दोन दात खोटे. डाव्या दंडावर काट्याच्या चमच्याचे चार ठिपके. टाळूवर रुपयाएवढी टक्कल पडलेली जागा, जिथले केस मुळासकट एका पोस्टमनच्या मुठीत गेले होते. पण त्याच्या हाताखाली ह्या चोवीस वर्षांत एकाही पेशंटचं हाड मोडलं नव्हतं. हे तो बोलून दाखवायचा नाही. बोलायची गरज नव्हती. दुसऱ्या वॉर्डात कुणी बिथरला की फोन यायचा, ‘कुलपाला पाठवा.’

मागच्या वर्षी वार्षिक तपासणीत त्याची बसल्या जागीची नाडी ब्याण्णव निघाली. नियम असा होता की नव्वदच्या वर सलग दोन वर्षं गेली तर माणूस बंद वॉर्डातून बाहेर. बाहेर म्हणजे तळमजल्यावरचं कपड्यांचं कोठार, जिथे चादरी घड्या घालून रचायच्या.

‘सायकल कुठे गेली?’ डॉक्टरने विचारलं.

‘गंजली.’

‘आणि तुम्ही?’

कुलूप कसनुसा हसला. मोटारसायकल आल्याला बारा वर्षं झाली होती. लिफ्ट बसल्याला आठ. पोट पट्ट्यावरून पुढे आलं होतं. डॉक्टर म्हणाले, ‘धडधड किती वर जाते त्याला फार महत्त्व नाही. किती लवकर खाली येते ते बघा. तुमची येतच नाही. रोज तासभर चाला.’

पहिले आठ-नऊ महिने त्याने उद्या-परवात घालवले आणि पुढच्या तपासणीला तीन महिने उरले तेव्हा धाबं दणाणलं. मग तो चालायला लागला. गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढ, टाकीला एक वळसा, परत. पहिल्या आठवड्यात वाटेत दोनदा कठड्यावर बसावं लागलं. सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच मनगटावर अंगठा ठेवून तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायचा आणि आकडा खिशातल्या डायरीत लिहायचा. एक्याण्णव. नव्वद. पुन्हा एक्याण्णव. अठ्ठ्याऐंशी.

त्याची बायको शाळेचे गणवेश शिवायची. शिलाई मशीन त्याच खोलीत होतं आणि ती साडेसहाला बसायची.

‘झाली का मोजणी?’ ती मशीन न थांबवता विचारायची.

‘शहाऐंशी.’

‘बरं. आता उठा, नाहीतर इतकी कमी होईल की मला चार माणसं बोलवावी लागतील.’

‘चादरी घड्या घालत बसू का मी?’

‘माझ्या बापाने आयुष्यभर तेच केलं. मेला नाही त्याने.’

 चादरीत कमीपणा आहे असं त्याचं म्हणणं नव्हतं. पण वॉर्ड सुटला की त्याच्या जागी उंच्या धरणार, आणि उंच्याच्या हाताखाली दोन वर्षांत एक बरगडी आणि एक बोट गेलं होतं. हे त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे पेशंटांसाठी चालताय होय? मला वाटलं पोटासाठी.’

काचांवर पालथ्या पडलेल्या गवंड्याला धरून आता सहा मिनिटं झाली होती. त्याने आधी शिव्या दिल्या, मग भावाचं नाव घेऊन ओरडला, मग नुसताच ओरडला, मग ओरडायचा थांबला. कुलूप त्याच्या पाठीवर गुडघा देऊन होता. त्याच्या कपाळावरचा घाम गवंड्याच्या मानेवर टपकत होता. तळहाताच्या चाव्यातून रक्त वाहत होतं आणि पकड निसटू नये म्हणून तो आणखी आवळत होता.

‘गप पडलाय,’ उंच्या म्हणाला. ‘बसला वाटतं.’

‘नाटक करतोय. नाडी बघ की, घोड्यासारखी पळतेय.’

‘आता नऊ मिनिटं झाली, मामा.’ इस्पितळात कर्मचाऱ्यांना मामा म्हणायची पद्धत. उंच्या वयाने दहा-अकरा वर्षांनी लहान, म्हणून तोही म्हणायचा.

‘पंधरा होऊ देत. न्हाव्याचं काय केलं बघितलंस ना?’

अकराव्या मिनिटाला नवी सिस्टर आली. ती न्हाव्याला खाली तातडीच्या खोलीत पोचवून जिना चढून आली होती. वॉर्डात लागून तिला चार महिने झाले होते आणि अजून सगळे तिला नवीच म्हणत. तिने एकदा गवंड्याच्या तोंडाकडे बघितलं आणि काचांवर गुडघे टेकले. कुलपाच्या पंजाबाहेर उरलेल्या मनगटाच्या पट्टीवर तिने तीन बोटं ठेवली. मग मानेला ठेवली.

‘उठा,’ ती म्हणाली.

‘सिस्टर, अजून तो...’

‘ह्याचा श्वास थांबलाय. उठा अंगावरून.’

कुलूप उठला नाही. तो ऐकत होता, पण त्याच्या अंगठ्याखाली नाडी ठणठणत होती आणि जिवंत माणसाला मेलेला समजणाऱ्या पोरीपेक्षा त्याला ती जवळची होती. सिस्टरने दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर धक्का दिला. तो कोलमडला. तेव्हा त्याला गवंड्याचा चेहरा दिसला. ओठ जांभळे होते. गालात काचेचा तुकडा रुतला होता आणि तिथून रक्त येत नव्हतं म्हणावं इतकं कमी येत होतं.

त्यांनी त्याला उताणा केला. उजवा खांदा सांध्यातून निखळून पुढे आला होता. सिस्टरने तोंडावर श्वास द्यायची रबरी पिशवी बसवली आणि दाबायला लागली. उंच्या लंगडत ऑक्सिजन आणायला गेला. झाडूवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कुलूप काचांत बसून बघत होता. चाळीस-पन्नास वेळा पिशवी दाबल्यावर गवंडी खोकला, ओकला आणि त्याच्या छातीतून लाकूड चिरल्यासारखा आवाज निघाला.

कुणी कुलपाला बोल लावला नाही. कागदावर ‘पेशंट हिंसक, शस्त्र हातात, पकड आवश्यक’ असं आलं आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. गवंड्याला सर्जरीच्या वॉर्डात हलवलं. न्हाव्याला पट्टा बांधून घरी सोडलं. दुपारी सिस्टर ड्रेसिंगच्या खोलीत कुलपाच्या तळहाताला टाके घालत होती.

‘मामा, तुम्ही धावतोय म्हणत होतात म्हणे. नाडी कुठे लागत होती तुम्हाला?’

त्याने चांगला हात पुढे करून दाखवलं. अंगठा असा, खाचेत.

तिची सुई थांबली. ‘अंगठ्याने बघता?’

‘मग कशाने बघणार? बाकीची बोटं पकडीत गुंतलेली असतात.’

‘अंगठ्याला स्वतःची नाडी असते, मामा. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. पेशंटची नाडी अंगठ्याने बघायची नाही, आपलीच लागते.’

‘रोज सकाळी मी अंगठ्यानेच मोजतो. डॉक्टरच्या आकड्याशी तंतोतंत जुळतं.’

‘तुमचीच मोजता ना? मग जुळणारच. दोन्हीकडे तुम्हीच आहात.’

‘चोवीस वर्षं बघतोय मी, सिस्टर. तुम्ही तेव्हा दुधाच्या दातांत होतात.’

तिने टाका पुरा केला, गाठ मारली, कात्री ठेवली. ‘तळमजल्यापर्यंत जिन्याने जाऊन या. वर येताना पळत या. लिफ्ट नको.’

‘कशाला?’

‘या तर.’

चढून येईपर्यंत त्याला धाप लागली होती. तिने सलाइनचा लोखंडी स्टँड त्याच्यासमोर ओढला. ‘ह्याला कुलूप घाला. पेशंटला घालता तसं. जोर लावून.’

टाके पडलेला हात त्याने वर ठेवला, चांगल्या हाताने दांडा आवळला, अंगठा दाबला.

‘लागते?’ सिस्टरने विचारलं.

 दांडा गार होता, गुळगुळीत होता आणि त्याला नाडी होती. ठण, ठण, ठण. त्याने अंगठा थोडा सरकवला. तिथेही होती. तो उभा राहिला, घड्याळाकडे बघत राहिला. दोन मिनिटं झाली, चार झाली. सहा झाली तरी स्टँड धावतच होता. मग हळूहळू स्टँड बसला.

‘चोवीस वर्षं मी काय चुकीचं धरत होतो?’ तो शेवटी म्हणाला. ‘एकाचंही हाड मोडलं नाही.’

 ह्याचं उत्तर रेकॉर्डच्या खोलीत होतं. बळ वापरलं की त्याची नोंद करायचा नियम इस्पितळात पहिल्यापासून होता: किती वाजता धरलं, किती वाजता सोडलं, कुणी. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर कुलूप त्या खोलीत गेला आणि आपल्या नोंदींच्या वह्यांची रांग काढून बसला. पहिल्या वर्षी दीड मिनिट, दोन मिनिटं, दीड. एका ठिकाणी वस्तादाने शेरा मारला होता, ‘चांगलं काम.’ दहाव्या वर्षी चार. मोटारसायकल आली त्यानंतर पाच, सहा. मागच्या वर्षी नऊपेक्षा कमी एकही नव्हतं.

चहाच्या टेबलावर सगळे जुने कर्मचारी गेली कित्येक वर्षं एक वाक्य म्हणत आले होते: आताचे पेशंट पूर्वीसारखे लवकर बसत नाहीत. कुलूपही म्हणायचा. कुणी औषधांना दोष द्यायचा, कुणी नशेला, कुणी मोबाइलला.

वही त्याने सिस्टरला दाखवली. तिने पानं चाळली. ‘तेव्हा दीड मिनिटात कोण शांत व्हायचं, मामा?’ ती म्हणाली आणि तिने त्याच्या अंगठ्याकडे बघितलं.

रविवारी दुपारी तो वस्तादाकडे गेला. वस्ताद चौऱ्याहत्तर वर्षांचा, झटक्याने डावी बाजू गेलेला, मुलीच्या घरी खिडकीपाशी खुर्चीत. कुलपाला बघून तो खूश झाला. उजवा पंजा पुढे करून म्हणाला, ‘घाल कुलूप.’ कुलपाने त्याचा हात नुसता हातात घेतला.

‘वस्ताद, अंगठाच का सांगितलात?’

‘पडतो तिथे तो. का रे?’

‘असंच.’

‘अंगठा कधी खोटं बोलत नाही,’ वस्ताद म्हणाला. बोलताना त्याच्या ओठाच्या एका कोपऱ्यातून लाळ यायची आणि मुलगी येता-जाता पुसायची. ‘माझ्या शेवटच्या वर्षी तो ड्रायव्हर गेला, आठवतो? सतरा मिनिटं धरला होता. डॉक्टर म्हणे, हा केव्हाच गेलाय, तुम्ही मेलेल्याला धरून बसलात. मी म्हटलं, साहेब, शेवटपर्यंत नाडी होती माझ्या अंगठ्याखाली, तुम्ही मला शिकवू नका. शेवटी त्यांनीच लिहिलं, सोडल्यावर हृदय बंद पडलं.’ तो हसला. ‘काय रग होती त्या माणसात. सतरा मिनिटं.’

त्या दिवशी ड्रायव्हरच्या पायांवर कुलूप बसला होता. पाय कधी सैल पडले ते त्याला चांगलं आठवत होतं. सुटका बऱ्याच वेळाने झाली. त्याने तेव्हा सांगितलं नव्हतं, कारण पायांवर बसणाऱ्याने सांगायचं नसतं. सोडा म्हणायचा अधिकार मनगट धरणाऱ्याचा. कालपरवा उंच्यानेही दोनदा विचारलं होतं.

‘कसल्या विचारात पडलास?’ वस्तादाने विचारलं.

‘काही नाही.’ त्याने चहा संपवला. 

तपासणी पुढच्या सोमवारी होती. डॉक्टरने पाच मिनिटं बसवलं, यंत्र लावलं. ब्याऐंशी. पुन्हा लावलं, एक्याऐंशी. ‘वा,’ डॉक्टर म्हणाले, ‘ह्या वयात वर्षभरात दहा उतरवणारे मी फार पाहिले नाहीत. धरा आता आणखी पाच वर्षं लोकांना.’ शिक्का बसला: बंद वॉर्डासाठी योग्य. तीन महिने टाकीचा चढ चढला तो ह्याच शिक्क्यासाठी. कुलपाने कागद घेतला आणि वर जाऊन सिस्टरच्या टेबलावर ठेवला.

‘अभिनंदन, मामा.’

‘कोठारात पाठवायचं तर तुम्ही अजून पाठवू शकता. तुम्ही पाहिलंय, तुम्ही लिहून दिलं की झालं.’

‘तुम्हाला जायचंय?’

‘नाही.’

‘मग?’

‘मी धरतो. नाडी तुम्ही बघायची. तुम्ही सोडा म्हटलं की मी सोडणार.’

सिस्टरने पेनाचं टोपण लावलं, काढलं. ‘पालथं घालायचं नाही. पाठीवर गुडघा नाही. कुशीवर धरायचं. आणि मी सोडा म्हटल्यावर एकदा जरी नाही सोडलंत, तर त्याच दिवशी लिहून देईन.’

‘चालेल.’

‘आणि सोडल्यावर तो उठून मारायला लागला तर?’ उंच्याने दारातून विचारलं. त्याच्या गुडघ्याला अजून पट्टा होता.

‘तर मार खायचा.’

‘तुम्ही खाल, मामा. आमचं काय?’

‘तू माझ्या मागे उभा राहा. एवढा उंच आहेस, पहिला तुलाच बसेल म्हणा.’

गवंडी सर्जरीतून परतला तो तेविसाव्या दिवशी, दुपारी जेवणाच्या वेळेला. उजवा हात झोळीत, गालावर टाक्यांची रेघ. तो शांतपणे रांगेत उभा राहिला, डाव्या हाताने स्टीलचं ताट घेतलं, वळला आणि समोर त्याला कुलूप दिसला.

ताट आडवं फिरत आलं आणि त्याची कड कुलपाच्या भुवईवर बसली. रक्त डोळ्यात उतरलं. त्याने ते पुसायच्या आत गवंडी डोकं खाली घालून त्याच्या पोटावर आदळला. दोघं टेबलावर आणि टेबल दोघांवर. बाकीचे पेशंट भिंतीला चिकटले. एक जण टाळ्या वाजवायला लागला. गवंड्याने गुडघा मारला, एकदा मांडीत, एकदा जिथे मारायचा होता तिथे. कुलपाचा श्वास गेला. डोळ्यांपुढे काजवे चमकत असतानाच त्याने गवंड्याचं डावं मनगट शोधलं आणि दोन्ही पंजे मिटले. झोळीतला हात त्याने मोकळा सोडला. उंच्याने गवंड्याला कुशीवर वळवलं.

‘सिस्टर,’ उंच्या ओरडला.

ती आधीच तिथे होती. गुडघ्यांवर सरकत आली तेव्हा गवंड्याची टाच तिच्या खांद्यात बसली. ती मागे पडली, उठली, पुन्हा आली. तीन बोटं मानेला. तिचे ओठ हलत होते.

‘एकशे अठ्ठेचाळीस,’ ती म्हणाली. थांबली. ‘एकशे तीस.’

गवंडी कुलपाच्या तोंडाकडे बघत होता. ‘मारून टाक,’ तो म्हणत होता, ‘मारून टाक ना, त्या दिवशी राहिलं.’  कुलपाच्या अंगठ्याखाली हातोडी चालली होती, पूर्वीइतकीच खरी. ती कुणाची आहे हे त्याला ठाऊक होतं आणि त्याने काही फरक पडत नव्हता. त्याचं सगळं अंग सांगत होतं की ह्या माणसाच्या आत अजून वणवा पेटलाय.

‘एकशे दहा,’ सिस्टर म्हणाली. ‘सोडा.’

त्याने सोडलं नाही.

‘मामा. सोडा.’

त्याने उजव्या हाताची करंगळी उचलली, मग तिच्या शेजारचं बोट. बोटं वाकलेलीच राहू पाहत होती. एकेक सरळ करावं लागलं. शेवटी अंगठा निघाला. मग डावा पंजा. तो गुडघ्यांवर मागे बसला आणि हात मांड्यांवर उताणे ठेवले.

गवंडी उठला. उठताना त्याने मूठ वळली आणि पूर्ण खांद्यातून कुलपाच्या नाकावर मारली. हाड मोडलं. उंच्या झेपावला.

‘हात लावू नकोस त्याला,’ कुलूप म्हणाला. शब्दांबरोबर तोंडातून रक्त आलं.

उंच्या जागीच थांबला. गवंडी मूठ वर धरून उभा होता, छाती भात्यासारखी हलत होती. दुसरा ठोसा पडायला काही हरकत नव्हती. समोरचा माणूस हात उताणे ठेवून बसला होता. गवंडी तसाच उभा राहिला. मूठ खाली आली. मग भिंतीला पाठ घासत तो खाली बसला, कुलपापासून हातभर अंतरावर. टाळ्या वाजवणारा थांबला. सिस्टरने रुमालाची घडी कुलपाच्या नाकावर दाबून धरली.

‘परत मारीन मी,’ गवंडी म्हणाला.

‘मार,’ कुलूप रुमालाआडून म्हणाला. ‘पण बसून मार.’

गवंड्याने थोडा विचार केल्यासारखं केलं. मग बसल्या बसल्या त्याच्या नडगीवर एक लाथ घातली. लागली, पण उठला नाही.